मंगळूला न बांधलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनं बीपीचं यंत्र आहे. राखाडी पत्र्याची पेटी, आत पाऱ्याची काचनळी, दंडाला बांधायची कापडी पट्टी आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा प्रपंच. फुग्यावर आता सुरकुत्या आल्यात, पण पारा अजून ताठ आहे.

१९९१ साली गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांनी मला आणलं. काय दिवस होते ते! गिरणाऱ्याचे द्राक्षबागाईतदार खंडेराव जीप थांबवून मुद्दाम माझ्यापाशी येऊन बसत. “डॉक्टर, काल पुतणीच्या हळदीत जिलेबी जरा जास्त झाली. बघता का?” पारा किंचित वर सरकला की त्यांच्या पत्नी मालनबाई घरी लोणच्याची बरणी कपाटात घालून कुलूप लावत. खंडेरावांच्या हृदयाची आम्ही सर्वांनी इतकी काळजी घेतली, की तक्रार करायला ते कायम शिल्लक राहिले.

दर जानेवारीत डॉक्टर मला पेठकडच्या एका पाड्यावर शिबिराला नेत. मंडप, नारळ, भाषण, सगळं व्हायचं. फक्त पट्टी बांधायला माणूस मिळत नसे. भात घरात आलं की पाड्यावरची धडधाकट माणसं टोळ्या करून द्राक्षाच्या कामाला गिरणाऱ्याकडे उतरतात. मागे राहतात पोरं आणि कोंबड्या. मग मी पाहुण्यांचंच बीपी मोजून परत येई. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून डॉक्टर समाधानाने म्हणत, “नागलीची भाकरी, रोजची चढउतार. या लोकांना कसलं आलंय बीपी?”

२००३ च्या हंगामात खंडेराव आपल्या टोळीतल्या मंगळूला घेऊन आले. सोबत त्याची बायको भिमाबाई. खंडेराव खुर्चीत बसले, ते दोघं दारात उभे राहिले.

“याचं डोकं ठणकतंय म्हणे. सारखा बांधावर जाऊन बसतोय,” खंडेराव म्हणाले.

“नुसतं डोकं नाय, दादा,” भिमाबाई म्हणाली. “छाती बी भरून येते. चढाला थांबतो. आधी कधी थांबला नाय. ती पट्टी त्याला बांधा ना.”

डॉक्टर हसले. “डोंगरातला गडी आहे, बाई. त्याला काय होतंय? ऊन लागलं असेल.” त्यांनी डोकेदुखीची गोळी दिली.

“डॉक्टर, माझं परत एकदा मोजा,” खंडेराव म्हणाले. “मघाशी मी बोलत होतो.”

आणि मला पुन्हा खंडेरावांच्या दंडाला बांधलं.

त्याच आठवड्यात मंगळू वेलीखाली आडवा झाला, तो उठलाच नाही. कात्री हातातच होती. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं.

पुढे दवाखान्यात बॅटरीवरचं यंत्र आलं आणि मी माळ्यावर गेलो. तिथून मला खाली काढलं छाया सिस्टरांनी. मंगळू दवाखान्यात आला त्या दिवशी त्या डॉक्टरांच्या शेजारीच उभ्या होत्या. पुढच्या हंगामात त्या मला पिशवीत घालून गिरणाऱ्याला, टोळीच्या पालांवर घेऊन गेल्या. पहिला दंड भिमाबाईचा.

पारा चढला. खंडेरावांच्या लोणच्याला कुलूप लागायचं, त्याच्या कितीतरी वर.

“मावशी, सरकारी दवाखान्यात तुझ्या गोळ्या सुरू करू. आणि मीठ कमी कर.”

“मीठ-मिरची हेच तर कालवण हाय आमचं, ताई. त्यातलं काय कमी करू?” मग ती म्हणाली, “मंगळूचं बी असंच भरलं असतं का?”

सिस्टर पट्टी गुंडाळत राहिल्या.

मित्रांनो, म्हातारपणी एकच मागणं आहे. मला जपायचं म्हणून माळ्यावर ठेवू नका, आणि रिकाम्या पाड्यावरही नेऊ नका. माणसं जिथं कामाला असतील, तिथं न्या.

भिमाबाई आता दर हंगामात मंगळूच्या भावाला, पुंजाला, ओढत आणते. “मला काय झालंय?” म्हणून तो कुरकुरत राहतो. ती त्याची बाही वर सारते, पारा खाली येईपर्यंत श्वास रोखून बसते आणि सिस्टरांना म्हणते,

“परत एकदा मोजा, ताई. मघाशी तो बोलत व्हता.”