चुन्यातले सात खंड

आमच्या शाळेत जगाचा नकाशा एकच होता आणि तो मुलांच्या वर्गात टांगलेला असे. मी शेवटच्या वर्गात गेले त्या वर्षी मोठ्या सरांनी मुलींचा भूगोल बंद करून त्या जागी शिवण ठेवलं. पोरींना जग घेऊन करायचंय काय, असं त्यांचं म्हणणं. पण भूगोलाशिवाय परीक्षेला बसू देत नसत, आणि परीक्षा नाही म्हणजे माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलंच होतं. मुलगा बरा होता म्हणे. मला मात्र शिक्षिका व्हायचं होतं.

भूगोलाच्या बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. शिवणाच्या तासाला त्यांनी आम्हाला सरळ अंगणात नेलं आणि मैदान आखायच्या चुन्याने जमिनीवर जग काढलं. मग प्रत्येकीला जागा नेमून दिली. माझी मैत्रीण ढमी आशियात ऐसपैस बसली. पॅसिफिक भरायला मुली पुरेनात, तिथं दप्तरं मांडली. मी बुटकी, म्हणून मला तळाचं अंटार्क्टिका. मी तोंड फुगवलं. बाईंनी समजावलं की प्राकृतिक नकाशात डोंगर, मैदानं, समुद्राची खोली असे रंग असतात, राजकीय नकाशात देशांचे. पण माझा खंड कुठल्याच देशाच्या रंगात येत नाही, कारण तिथं कुणाचं राज्य नाही. माझा फुगा जरा उतरला.

तेवढ्यात मोठे सर आले. त्यांनी शिपायाला नकाशा पुसायला सांगितलं. शिपाई झाडू घेऊन उभा राहिला, पण एकही मुलगी हलेना. सर थेट माझ्याकडे आले. सगळ्यात लहान दिसणारी आधी उठेल, असा त्यांचा हिशेब असावा.

"ऊठ."

"नाही उठणार, सर."

"या शाळेत राज्य कुणाचं आहे, माहीत आहे ना?"

"बाकी शाळेत तुमचं आहे. मी बसलेय तिथं कुणाचंच नाही."

ढमी फिस्सकन हसली. मी मांडी आणखी घट्ट घातली.

त्या दिवशी सर निघून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन पाहतो तर अंगण धुऊन काढलेलं. आम्ही पुन्हा नकाशा काढला. तो पुसला गेला, की आम्ही परत काढायचो. चुन्याने तळहात चुरचुरायचे, ती आग मला अजून आठवते. सुरुवातीला आमची आफ्रिका उशीसारखी फुगायची आणि बाई पुस्तक धरून किनारा दुरुस्त करायच्या. पुढे पुस्तक लागेनासं झालं. सरांचे उपकार मानायला हवेत, रोज उजळणी करून घेतात, असं ढमी म्हणायची.

शेवटी शिपाई कंटाळला आणि सर स्वतः बादली घेऊन उतरले. युरोपापासून त्यांनी पुसायला घेतलं. आम्ही चुना घेऊन त्यांच्या मागोमाग. ते ऑस्ट्रेलियापर्यंत पोचेतो मागे युरोप परत उभा राहिला होता, आफ्रिकाही उतरत आली होती. सरांनी वळून पाहिलं. मग बादली खाली ठेवली.

"बसा परीक्षेला," ते म्हणाले. "नापास झालात तर मग बघतो एकेकीला."

"चालेल, सर," मी म्हटलं. "जरा पाय उचला. न्यूझीलंडवर उभे आहात."