सहीआधी बेचाळीस पाने

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी साळूबाईंनी संमतीपत्र बाजूला सारले आणि चष्मा काढला.

"आधी वाचून दाव. समदं."

"माय, माझं प्रकरण बेचाळीस पानांचं हाय. इंग्रजीत."

"मंग मराठीत सांग की. क्रशरवर बी असंच म्हणले होते, नुसती सही कर बाई. केली. दुसऱ्या दिवशी कळलं, मी माझ्या मर्जीनं काम सोडलं!"

सुरेखाने कपाळाला हात लावला. एम.ए.चा तिचा प्रबंध पाचच्या आत विभागाच्या पोर्टलवर चढवायचा होता. विषय होता एक आधुनिक पोर्तुगीज ऐतिहासिक कादंबरी. राणीला समुद्र दिसावा म्हणून राजा डोंगरावर मनोरा बांधायला काढतो. अकरा वर्षे गावेच्या गावे दगड वाहतात. त्यातली एक बाई आणि एक पाथरवट प्रेमात पडतात. चढावर तो दिसताच ती डोक्यावरचा दगड खाली ठेवते. समीक्षक याला बंड म्हणतात.

साळूबाईंनी पडेगावजवळच्या खडी क्रशरवर अठरा वर्षे पाट्या वाहिल्या होत्या. महिन्यापूर्वी भाकरी थापताना त्यांनी लेकीकडून हा प्रसंग ऐकला. "बंड कशाचं? एकटी बाई वझं खाली ठेवतच नाय. परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. म्हंजी तिला ठावं होतं, तोच उचलून देणार."

या बोलण्यावर सुरेखाचे तिसरे प्रकरण उभे राहिले. प्रेम करणाऱ्यानेच ओझे परत डोक्यावर द्यायचे, हे तिच्या वाचनात कुणी लिहिले नव्हते. प्रबंधात तिचे स्वतःचे असे तेवढेच होते. मार्गदर्शक श्रीनिवास सर खूश झाले. आज सकाळी त्यांचा फोन आला: मुलाखतीचे संमतीपत्र जोडा, नाहीतर प्रकरण काढा.

"आईची कसली मुलाखत, सर?"

"नियम आहे, सुरेखा. एक सही तर घ्यायचीय."

साडेतीनपर्यंत चौदा पाने झाली. साळूबाई पानोपानी अडवत होत्या. राणीला समुद्र दिसला का? पाथरवटाला आधीची बायको होती का?

"माय, ते कादंबरीत आहे, माझ्या प्रकरणात नाय!"

"मंग तू लिवलं तरी काय एवढं?"

एकोणतिसाव्या पानावर गाडी अडली. तिथे लिहिले होते: या बायकांना आपल्या शोषणाची जाणीव नव्हती.

"कुणाला नव्हती?"

"कादंबरीतल्या बायकांना. म्हणजे, एकूणच."

"डोक्यावर तीस किलो, अन् जाणीव नाय? माझ्या मानेला इचार. खोड ते."

"सरांनी घातलंय ते वाक्य."

"मंग सरांचीच सही घे."

चार पंचवीसला सुरेखाने सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"ते वाक्य काढलं तर प्रकरणाला सैद्धांतिक पायाच राहत नाही," सर म्हणाले. "आईंना सांगा, हे त्यांच्याबद्दल नाहीच."

"माझ्याबद्दल नाय, तर माझी सही कशाला पायजे वो सर?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "बघतो," म्हणून सरांनी फोन ठेवला.

सुरेखाने वाक्य खोडले. मग सरांचा 'सैद्धांतिक पाया' आठवून परत टाइप केले. साळूबाईंनी ते पाहिले. म्हणाल्या, "थांबलीस कशाला? फुडं वाच."

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत तिसावे पान संपले होते; बारा पाने उरली होती आणि बारा मिनिटे. वाक्य जागेवर होते, संमतीपत्र कोरे होते आणि सरांचा फोन लागत नव्हता.