सगळे दिवे हिरवे

“लाल की हिरवे?” बेरिलने खुर्चीतूनच विचारलं.

“हिरवे. सगळे हिरवे आहेत.”

“मग फोन का लागत नाही?”

नॉरीनने दिवे पुन्हा एकदा मोजले. ती गुडघे टेकून इंटरनेटच्या राउटरसमोर बसली होती. दुपार नुकती कुठे कलली होती, तरी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला होता. खिडकीबाहेरचा उजेड गढूळ, तांबूस झाला होता आणि व्हरांड्यात निलगिरीची जळकी पानं येऊन पडत होती. पानं अख्खी असायची, फक्त काळी. हात लावला की चुरा.

गेला आठवडाभर वणवा डोंगरापलीकडे होता. सकाळी वारा फिरला.

त्या दरीत मोबाइलला रेंज कधीच नव्हती. तारेचा जुना फोन कुणी वापरत नाही म्हणून दोघी बहिणींनी बंद करून टाकला होता. रेडिओ नुसता खरखरत होता. आगीचे इशारे, बातम्या, क्रेगचे फोन, सगळं त्या राउटरमधूनच यायचं. क्रेग हा बेरिलचा मुलगा. गावच्या अग्निशमन दलात तो स्वयंसेवक होता आणि पहाटेपासून बंबावर गेला होता.

“काल तूच हात लावलास ना त्याला?” बेरिल म्हणाली.

“हो.”

“कशाला मरायला?”

कशाला ते बेरिलला माहीत होतं. नॉरीनने जन्मभर शाळेच्या कँटीनमध्ये खिम्याच्या पेस्ट्र्या भाजल्या, सँडविचं बांधली. बेरिलची एक बाजू लुळी पडली तेव्हा बेर्न्सडेल शहरातली भाड्याची खोली सोडून ती चार दिवसांसाठी म्हणून इथे आली आणि राहिली. मागच्या महिन्यात बेरिल न्हाणीघरात पडली. गळ्यातलं मदतीचं बटण तिने दाबलं, पण ते वाजलंच नाही, कारण त्याचा राउटरशी संबंध सारखा तुटायचा. नॉरीन दुकानातून परत येईपर्यंत ती गार फरशीवर पडून होती.

म्हणून काल नॉरीनने एक व्हिडिओ बघून राउटरच्या सेटिंगला हात घातला. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर आपणहून एकेक क्रमांक देतो. त्या बटणाला कायमचा क्रमांक द्या, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. तिने दिला. आणि त्याच पानावरची, क्रमांक आपोआप देण्याची खूण, आता काय गरज म्हणून, काढून टाकली. रात्री सगळं नीट चालू होतं. सकाळी मात्र जुन्या क्रमांकांची मुदत संपत गेली. आधी फोन मुका झाला, मग कॉम्प्युटर. नवे क्रमांक द्यायला कुणी नव्हतं. ती खूण परत लावायची तर राउटरच्या आत शिरायला हवं, आणि शिरायला क्रमांक हवा. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं.

“मागे ते भोक आहे ना, त्यात टाचणी खुपस,” बेरिल म्हणाली. “क्रेग तेच करतो.”

“त्याने सगळंच पुसलं जाईल गं. कंपनीचं नाव, पासवर्ड, सगळं. ते परत विचारायला फोनच लागतो.”

“मग गाडी काढ. पुलावरून जाऊ.”

“आग कुठल्या अंगाला आहे ते माहीत नाही, बेरिल.”

“इथे बसून कळणार आहे का तुला?”

बाहेर पडायला दोनच रस्ते होते. एक खाली पुलाकडे, दुसरा जंगलातून वर, जुन्या लाकूड गिरणीवरून क्रिकेटच्या मैदानाकडे. मागच्या मोठ्या वणव्यात शेजारचे ट्रेलोर नवराबायको अगदी वेळेवर निघाले होते. फक्त रस्ता चुकीचा धरला त्यांनी.

नॉरीनने डोळे मिटले. व्हिडिओतला माणूस आणखी काय काय बोलला होता ते ती आठवू लागली. क्रमांक हातानेही देता येतो, असं तो ओझरतं म्हणाला होता. तिने राउटरची केबल कॉम्प्युटरला जोडली, चष्मा कपाळावर सरकवून राउटरच्या तळाला छापलेला क्रमांक वाचला आणि तोच जसाच्या तसा कॉम्प्युटरला दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. नाहीच.

छपरावर काहीतरी टकटकलं. पाऊस नव्हता तो.

“नोरी,” बेरिल म्हणाली. या वेळी आवाजात टोमणा नव्हता. “मला भीती वाटतेय गं.”

“मलाही.”

नॉरीन हे बोलली आणि तिच्या ध्यानात आलं, एकाच क्रमांकाची दोन घरं कशी असतील? तिने फक्त शेवटचा आकडा बदलला.

पान उघडलं. काढलेली खूण रिकाम्या चौकटीसारखी समोर होती. तिने ती लावली, बदल जतन केला, आणि राउटरचे सगळे दिवे विझले.

“काय केलंस?” बेरिल ओरडली.

नॉरीनने राउटरवर तळहात ठेवला. दिवे एकेक करून आले. मग टेबलावरचा फोन थरथरला, पुन्हा थरथरला, आणि थांबेचना. तिने संदेश वाचायच्या आतच क्रेगचा फोन आला.

“मावशी! कुठे आहात तुम्ही? सकाळपासून लावतोय! निघालात ना?”

“घरीच आहोत. पुलाकडे…”

“पुलाकडे नको! पूल पेटलाय. वर जा, गिरणीवरून मैदानावर. आत्ता. काही घेऊ नकोस, फक्त आईला घे. ऐकतेस ना?”

“हो. तू कुठे…”

वीज गेली. फोन मुका झाला.

बेरिलला गाडीपर्यंत नेताना नॉरीनने तिला जवळजवळ उचललंच. एवढं बळ आपल्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. गिरणीच्या रस्त्यावर दिवे लावूनही पुढचं वळण दिसत नव्हतं. एक कांगारू धुरातून आलं आणि गाडीच्या शेजारून, त्याच दिशेने पळत राहिलं. बेरिलने सगळा रस्ताभर नॉरीनची बाही मुठीत धरून ठेवली होती.

मैदानावर गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पिवळ्या जाकिटातली एक मुलगी पाण्याच्या बाटल्या वाटत होती. क्रेगचा बंब सुखरूप असल्याचं तिने वायरलेसवर विचारून सांगितलं. नॉरीनने गाडीच्या टपावर कपाळ टेकलं आणि पत्रा तापलेला असूनही तसंच राहू दिलं.

ती आत येऊन बसली तेव्हा खाली दरीत, त्यांच्या घराच्या अंगाला, धूर फाटला होता. त्या फटीतून एक उभी ज्वाळा दिसली, मग दुसरी. एक दबका धमाका झाला, गॅसची टाकी फुटल्यासारखा.

“ते आपलं का गं?” बेरिलने विचारलं.

“नाही,” नॉरीन म्हणाली. “ते ओढ्यापलीकडचं.”

“बरं.”

बेरिलने चष्मा काढला. चांगल्या हाताने स्कर्टच्या टोकाला त्याच्या काचा सावकाश, नीट पुसल्या. मग तो घडी करून मांडीवर ठेवला आणि परत घातला नाही.