मधल्या खोलीतला कापूस

सन दोन हजार दहाच्या त्या हिवाळ्यात जैनाबादेत कुणाच्याही घरी जा, बसायला जागा मिळत नव्हती. माणसं ओट्यावर आणि कापूस घरात! ओसरीत कापूस, माळ्यावर कापूस, देव्हाऱ्याला टेकून कापूस. पाहुणा आला की त्याला अंगणात घोंगडी टाकून द्यायची आणि वर हसून सांगायचं, "काय करता भाऊ, न्यूयॉर्क अजून चढूनच राहिलं!"

न्यूयॉर्क गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. पण दिवेलागण झाली की तिथला कापसाचा बाजार उघडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. पूर्वी कापसाचा भाव विचारायला माणूस तापी ओलांडून बुऱ्हाणपुरात जायचा. आता भाव सातासमुद्रापलीकडून निघायचा आणि मोबाइलवर मेसेज होऊन थेट ओट्यावर यायचा. त्या साली पाकिस्तानात पूर आला, चीनच्या गिरण्यांना कापूस कमी पडला, आणि आमची माणसं ओट्यावर एकमेकांना टाळ्या देऊ लागली. दुसऱ्याचं शेत वाहून गेलं म्हणून आपण टाळ्या देतो आहोत, हे काही कुणाच्या मनात आलं नाही.

त्या ओट्यावर सगळ्यांत पुढे बसायचा गिरधर. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, आणि दिवाळीपर्यंत शब्दाचाही पक्का होता.

दिवाळीतच तो बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात प्रकाशशेटच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, गेला होता. गिरधरच्या बापाचा कापूसही याच जिनिंगवर जायचा, तेव्हा शेटचे वडील गादीवर बसत. सौद्याची रीत दोन्ही घरांत जुनी होती. कागद नाही, सही नाही. भाव ठरला की आपल्या कापसाची एक मूठ शेटच्या हातावर ठेवायची आणि माल द्यायचा दिवस सांगायचा. गिरधरनं मूठ ठेवली आणि म्हणाला, "संक्रांतीले माल तुमच्या दारात."

घरी येऊन त्यानं बायकोलाही तेच सांगितलं. "गोदा, संक्रांतीले मधली खोली रिकामी करून देतो."

गोदाबाई ते ऐकायलाच थांबली होती. त्यांची एकुलती एक लेक रजनी रावेरला दिली होती आणि तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. ती माघात येणार होती. मधली खोली उबदार, वारा न लागणारी, चुलीला लागून. रजनी स्वतः त्याच खोलीत जन्मली होती. गोदाबाईनं मनातल्या मनात बाज कुठे टाकायची, शेगडी कुठे ठेवायची, पाळणा कोणत्या कडीला बांधायचा, सगळं ठरवून टाकलं.

पण दिवाळीनंतर भाव असा काही चढत गेला की भल्याभल्यांचं डोकं फिरलं. गिरधरनं ज्या भावाला मूठ ठेवली होती तो भाव आता त्याला फुकटात दिल्यासारखा वाटू लागला. संक्रांत आली. लोकांनी तिळगूळ वाटला, गोड बोलले. गिरधरच्या दारात टेम्पो काही लागला नाही.

आठ दिवस वाट पाहून प्रकाशशेट स्वतः जैनाबादला आला. अंगणात घोंगडीवर बसला. गोदाबाईनं चहा आणून ठेवला आणि ती दाराआड उभी राहिली.

"गिरधरभाऊ, माल काहून नाही आला?"

"शेट, तो भाव आता कुठी राहिला?" गिरधर खाली बघत म्हणाला. "सारी दुनिया चढून राहिली आणि मी एकलाच जुन्या भावात देऊ? तुम्हीच सांगा, हा इन्साफ झाला का?"

"बरं, मी एक सांगतो, ऐका," प्रकाशशेट म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "तुमच्या मुठीवर मी पुढं मुंबईच्या व्यापाऱ्याले कापसाच्या गाठी द्यायचं बोललो. त्यानं माझ्या बोलण्यावर बांगलादेशच्या गिरणीले शब्द दिला. तठी कोणी बाई तुमच्या कापसाच्या भरवशावर मशीनपाशी उभी असंल. आपल्या बुऱ्हाणपुरात घरोघरी माग हाय, तुम्हाले काय सांगू? सूत एका जागी तुटतं, पण कापडाचं थान सारं खराब होतं. जगाचा व्यापार म्हनजे काही मोठी जादू नाही भाऊ. माणसानं माणसाले दिलेला शब्दच हाय तो, फक्त लांबवर गेलेला."

"मी त्या बाईले वळखत नाही, शेट."

"तिनंबी तुम्हाले नाही पाहिलं. तरी भरवसा ठेवला ना?"

मग प्रकाशशेटनं अशी एक गोष्ट सांगितली की तेवढी जरी गिरधरनं ऐकली असती तर ही कथा लिहायची वेळ आली नसती. तो म्हणाला, "चला, मीबी नुकसान सोसतो, तुम्हीबी सोसा. अर्धा माल बोलल्या भावात द्या. उरलेला अर्धा तुमचा, पाहिजे तेव्हा विका. तो ठेवायले माझं गोदाम खुलं हाय, भाडं नको. पोर येऊन राहिली ना बाळंतपणाले? घर रिकामं करा."

दाराआडून गोदाबाईच्या बांगड्या वाजल्या. गिरधरला त्या ऐकू आल्या. पण त्याच्या मनात भलतंच आलं. शेटच्या गोदामात गेलेला माल आपला राहील कशावरून? ज्या घराशी दोन पिढ्यांचा भरवसा, त्याच्यावर त्याचा विश्वास बसेना, आणि कधी न पाहिलेल्या न्यूयॉर्कवर मात्र डोळे मिटून विश्वास! केवढं हे आंधळेपण!

"बघू," तो म्हणाला.

प्रकाशशेट उठला. चहा तसाच राहिला होता.

माघात रजनी आली. नववा लागलेला, चेहरा उतरलेला, पण माहेरी आल्याचा आनंद डोळ्यांत मावत नव्हता. ती सवयीनं मधल्या खोलीकडे वळली आणि दारातच थबकली. आत आढ्यापर्यंत कापूस होता. दार नीट उघडतही नव्हतं.

"बाबा, मी कुठी झोपू?" तिनं हसतच विचारलं.

"थोडे दिवस ओसरीत टाक बाज. हा महिना गेला का विकूनच टाकतो. आता भाव फुल जोरात हाय पोरी."

ओसरीतही कापूस होताच, एका अंगाला जुनी साडी टाकून झाकलेला. ज्यांनी घरात कापूस साठवला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साठलेल्या कापसात बारीक कीड होते, डोळ्याला दिसत नाही, पण अंगाला सोडत नाही. गावात सगळेच खाजवत होते आणि त्यावरून एकमेकांची थट्टा करत होते. "खाज सुटली म्हनजे पैसा येनार," असंही कुणी म्हणे. रजनीच्या मात्र मानेवर, हातांवर, पोटावर चट्टे उठले. झोप उडाली. वर कोरडा खोकला लागला. खोकला आला की ती दोन्ही हातांनी पोट धरी.

बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "औषध देते, पण हिला कापसात ठेवू नका. अशा दिवसांत झोप मोडून चालणार नाही."

त्या दिवशी गोदाबाई नवऱ्याशी भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आज टेम्पो बोलावता का?"

"चार दिवस थांब ना! मार्केट टॉपला जाऊन राहिलं."

तिसऱ्या दिवशी रावेरहून जावई आला. शांत मुलगा. त्यानं घर पाहिलं, बायकोचे हात पाहिले, आणि तिची पिशवी उचलली. गोदाबाईनं रडत रडत लेकीची ओटी भरली. निघताना रजनी वाकून पाया पडली आणि बापाला म्हणाली, "कापूस विकला का मले बोलवा, बाबा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गिरधरला बरं वाटलं असतं.

आणि तरीही त्यानं कापूस विकला नाही! त्या संध्याकाळी तो ओट्यावर गेलाच. भाव आणखी चढला होता.

होळीच्या सुमारास रजनी रावेरला बाळंत झाली. मुलगी झाली. गोदाबाई डिंकाचे लाडू घेऊन गेली, पण ते व्याह्यांचं घर. तिथं ती पाहुणी. नातीला पहिली अंघोळ रजनीच्या सासूनं घातली, शेक सासूनं दिला, रात्री बाळ रडलं तर उठायचा मानही सासूचाच. गोदाबाई कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली. आपल्याच लेकीला कढत पाणी घालायला तिला विचारावं लागलं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "नात तुमच्यावर गेली. कपाळ तसंच हाय."

त्याच दिवसांत न्यूयॉर्क फिरलं. चढताना जिन्यानं चढलं होतं, उतरताना माळ्यावरून पडलं. कुणी म्हणे चीननं हात आखडले, कुणी म्हणे मोठ्या सट्टेवाल्यांनी आपला पैसा काढून घेतला. ओट्यावरच्या कुणालाच नीट कळलं नाही, कारण चढताना तरी कुठे कळलं होतं? रोज मेसेज येई आणि रोज एकेक माणूस ओट्यावरून कमी होई. उन्हाळ्यानं कापूस वाळून हलका झाला, पिवळा पडला. दिवाळीत ज्या भावाला गिरधरनं मूठ ठेवली होती, आता त्या भावालाही कुणी विचारेना.

तो शेवटी लोधीपुऱ्यात गेला. प्रकाशशेटनं त्याला बसायला सांगितलं. जिनिंग बंद होतं. गिरधरनं माल न दिल्यामुळे, आणि त्याच्यासारख्या आणखी कितीकांनी न दिल्यामुळे, शेटला बाहेरून महाग माल घेऊन आपला शब्द पुरा करावा लागला होता. त्यात तो बुडाला नाही, पण वाकला. यंत्रावरची माणसं सध्या घरी बसली होती.

"शेट, माझं चुकलं," गिरधर म्हणाला. "तुम्ही मले शिव्या द्या."

"शिव्या देऊन काय होईल?" प्रकाशशेट म्हणाला. "माल आणा. आजचा जो भाव असंल तो देईन, एक पैसा कमी नाही. पण गिरधरभाऊ, मुंबईवाला आता मले विचारतो, तुमच्याकडच्या लोकांच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवू? त्याले काय सांगू, ते तुम्ही सांगा."

भाव पडल्याचं दुःख गिरधरनं घरातून सोबत आणलं होतं. ते तिथल्या तिथे लहान झालं. आपण फक्त आपला कापूस अडवला नव्हता, साऱ्या गावाची पत बुडवली होती! त्या रिकाम्या जिनिंगमध्ये बसून तो माणूस रडला.

दोन दिवसांत घर रिकामं झालं. गिरधरनं मधली खोली स्वतः झाडली, भिंतींना चुना दिला, गोदाबाईनं सारवली. कडीला पाळणा बांधला. अंगणातल्या निंबाला झोका टांगला, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती आणि आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात. बाळंतपणाचा सव्वा महिना उलटलेलाच होता. गिरधर स्वतः रावेरला जाऊन लेकीला आणि नातीला घेऊन आला.

रजनी घरात आली. बाळाला छातीशी धरून मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत जाईना.

"बाबा, कापूस नाही ना आता? छोटीची चमडी नाजूक हाय, म्हनून विचारते."

"नाही पोरी. एक बोंडबी नाही. पुढंबी नाही ठेवनार. संक्रांतीच्या आत सारा माल शेटले, तुले शब्द देतो."

रजनीनं बापाकडे पाहिलं. "शब्द तर मागंबी दिला होता, बाबा," ती हळूच म्हणाली आणि आत गेली.

गिरधर बाहेर येऊन झोक्याच्या दोराला धरून उभा राहिला. भाव पडला त्या दिवशी नुसता पैसा गेला होता, लेकीचा भरवसा या क्षणी गेला असं त्याला वाटलं.

पुढच्या दिवाळीत तो पुन्हा लोधीपुऱ्यात गेला. शेटच्या हातावर मूठ ठेवली आणि पुन्हा संक्रांतीचाच दिवस सांगितला. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच टेम्पो भरून तापीवरून पलीकडे गेले. गंमत म्हणजे त्या आठवड्यातही भाव चढत होता. ओट्यावरची माणसं हसली. "थोडा थांबला असता तर, गिरधरभाऊ?"

"तुम्ही थांबा," तो म्हणाला. "मी लई थांबून पाहिलं."

घरी येऊन त्यानं रजनीला फोन लावला. "कापूस गेला, पोरी. बोललो होतो त्या भावात. खोली रिकामी हाय."

पलीकडून बाळाची बडबड ऐकू येत होती. रजनी म्हणाली, "बरं केलं, बाबा." गिरधरला तेवढं पुष्कळ झालं.

बंधूंनो, भगिनींनो, जगाचा बाजार वाईट नाही. आपला माल सातासमुद्रापलीकडे जावा, त्याला चार पैसे जास्त मिळावेत, यात लाजण्यासारखं काय आहे? भाव जरूर बघा, समजून घ्या, अर्धा माल आज आणि अर्धा उद्या विकण्याचं शहाणपणही शिका. पण बाजाराला घरात घेऊन लेकीला ओसरीत झोपवू नका! आणि ज्या शब्दावर न पाहिलेली माणसं विसंबून आहेत, तो शब्द भावाबरोबर चढवू-उतरवू नका. पडलेला भाव एखाद्या मोसमात परत येतो. पडलेला शब्द उचलायला वर्षं लागतात, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण तर पुन्हा येतच नाही.

गिरधरची मधली खोली आता बाराही महिने रिकामी असते. नात येते तेव्हा तिथंच झोपते, आणि तिचा जन्म कुठं झाला असं कुणी विचारलं, तर गिरधर फक्त रावेरचं नाव घेतो.