एक वाजताचे डोळे

घड्याळजींच्या ताईला डोळे आहेत, याला घरात एका फोटोचाही पुरावा नव्हता. लग्नातल्या फोटोत डोळे मिटलेले, मुलीला मांडीवर घेऊन काढलेल्या फोटोत मिटलेले, आणि पूर्वीच्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो तर साहेबांनी तीनदा परत पाठवला आणि चौथ्यांदा कंटाळून त्याच्यावरच शिक्का मारला. मेहुणे हयात होते तेव्हा समुद्रावर काढलेला एक फोटो होता. तो पाहिला की वाटावं, बाईंना उभ्या उभ्याच डुलकी लागली आहे. नात्यात तिला सगळे झोपाळू ताई म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची, पण तिला ते लागायचं. जन्मभर पहाटे उठणाऱ्या बाईला झोपाळू म्हटलेलं का बरं आवडेल?

बरं, फोटोत डोळे नाहीत तर नाहीत, माणूस तर समोर आहे, असं घड्याळजी आजवर म्हणत आले होते. पण येत्या रविवारी ताई मुलीकडे राहायला जाणार होती, आणि तीही कायमची. भांडण नाही, तंटा नाही, सगळं राजीखुशीने. गुडघ्यांनी संप पुकारला होता, ती राहायची तिसऱ्या मजल्यावर आणि मुलीचं घर होतं तळमजल्याला. घड्याळजींनीच तिला समजावून तयार केलं होतं. आणि तयार केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

त्याचं असं होतं. घड्याळजींचं दुकान त्याच इमारतीत, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. दाराएवढी रुंद खोली, टोकाला कामाचं टेबल, टेबलावर पांढरी चादर, कारण पांढऱ्यावर पडलेला स्क्रू सापडतो. एकदा का डोळ्याला भिंग लावून एखादं घड्याळ उघडलं की या माणसाला तहान नाही नि भूक नाही. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे हाक मारायलाही कुणी नव्हतं. म्हणून अठ्ठावीस वर्षं ताई रोज दुपारी एक वाजता डबा घेऊन खाली यायची आणि दारात उभी राहायची. ‘जेव’ असं ती कधी म्हणाली नाही. नुसती बघायची. मान खाली असूनही घड्याळजींना ते बघणं कळायचं. मिनिटभर ते दम धरायचे, मग भिंग काढून ठेवायचे आणि निमूटपणे डबा उघडायचे. मागे ताई पंधरा दिवस आजारी होती, तेव्हा ते दुपारचं जेवण संध्याकाळी पाचला बिस्किटांवर भागवत होते आणि पोट धरून बसत होते.

तर आता हे डोळे रविवारी निघाले. घड्याळजींनी ठरवलं, ताईचा एक तरी उघड्या डोळ्यांचा फोटो काढायचाच, आणि तोही दारात उभी असताना, एक वाजता बघते तसा. बासष्टाव्या वर्षी माणसाने असला हट्ट धरू नये असं काही कुठे लिहिलेलं नाही. भाचीने नवा कॅमेरा घेतला होता, तिने जुना मामाला देऊन टाकला. मात्र लेन्स नि फ्लॅश तुझे तू बघ, त्यात मी पडत नाही, असं बजावून.

सोमवारी घड्याळजी कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढून काढून कंबर गेली, तेव्हा गल्ल्यावर बसल्या. चष्मा कायम कपाळावर आणि बोलणं तिरकस. घड्याळजींनी आधी काचेमागची सगळ्यात लांबलचक लेन्स मागितली. तिची कडी फिरवून बघितली आणि हरखूनच गेले. काय गुळगुळीत फिरत होती! दहा मिनिटं ते ती कडी नुसती पुढेमागे करत राहिले. बाईंनी विचारलं, फोटो कसला काढायचाय, झाडावरच्या पक्ष्यांचा का? घड्याळजी म्हणाले, डोळ्यांचा. बाईंना वाटलं हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी मुंगीचे पायसुद्धा मोजता येतील अशी जवळची लेन्स काढून पुढे ठेवली. ती घड्याळजींना आणखीच आवडली. जन्म गेला वस्तू नाकाशी धरून बघण्यात, त्यांना वाटणारच की जितकं जवळ तितकं खरं.

शेवटी ताईचं सगळं सांगून झालं, तेव्हा बाईंनी दोन्ही लेन्स आत ठेवल्या आणि एकच प्रश्न विचारला.

“ती दारात आणि तुम्ही टेबलाशी, मध्ये पावलं किती?”

घड्याळजींनी डोळे मिटून मोजली. “सहा.”

“मग फोटोही सहा पावलांवरूनच काढा. जवळ जाल तर फोटोत नाक आधी येईल आणि बहीण मागून.”

असं म्हणून त्यांनी एक बुटकी, हलकी लेन्स हातात दिली. पन्नास मिलीमीटरची. ना लांब होत होती ना आखूड. घड्याळजींचा चेहरा पडला. कडीसुद्धा साधी होती. पण डोळ्याला कॅमेरा लावून त्यांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं, तर दार आपल्या नेहमीच्या आकाराचं दिसलं, माणसंही माणसांएवढी. पटलं त्यांना.

फ्लॅशचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. दारात उभ्या माणसाच्या पाठीमागे रस्त्याचा उजेड असतो, तोंड काळं येतं, म्हणून फ्लॅश लागणार हे बाईंनाही मान्य होतं. त्यांनी हाताने जुळवायचा साधा फ्लॅश दाखवला. घड्याळजींना हवा होता सगळं आपलं आपण करणारा. लेन्सच्या भानगडीतच डोकं पिकलंय, म्हणाले, आता याचीही किल्ली मी कुठे देत बसू? बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन त्यांच्याकडे बघितलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस किल्लीला कंटाळलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मग त्यांनी दोन्ही सोयी असलेला फ्लॅश दिला, मागच्या बाजूचं बटण दाखवायला गेल्या, पण घड्याळजी पिशवी उचलून पायऱ्या उतरलेसुद्धा होते. हीच त्यांची चूक.

मंगळवारी ताई दारात उभी राहिली, केस नीट करून. घड्याळजींनी फ्लॅश थेट तोंडावर मारला. डोळे मिटलेले. पुन्हा मारला, पुन्हा मिटलेले. अकरा फोटोंत अकरा वेळा. ताई म्हणाली, राहू दे रे, माझं नशीबच तसं. बुधवारी त्यांनी पिशवीतला कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, फ्लॅशचं तोंड छताकडे करा, उजेड मऊ होऊन खाली येतो. केलं. उजेड आला मऊच, पण दुकानाचं छत घड्याळजींनी कधीकाळी उरलेल्या हिरव्या रंगात रंगवून टाकलं होतं. फोटोत ताई कच्च्या कैरीसारखी हिरवीगार, आणि डोळे मिटलेले ते मिटलेलेच. तो फोटो बघून ताई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. घड्याळजी छताला शिव्या घालत होते. त्याच गडबडीत त्यांचं बोट दाबलं गेलं आणि आणखी एक फोटो निघाला, पायरीवर बसून पोट धरून हसणारी हिरवी ताई, डोळे मिटलेले.

गुरुवारी त्यांनी टेबलावरची पांढरी चादर काढून बाजूच्या भिंतीवर टांगली आणि फ्लॅश तिच्याकडे वळवला. आता रंग बरोबर आला, नाक जागच्या जागी, साडीची किनारसुद्धा स्पष्ट. फक्त डोळे बंद. ताईचा चेहरा उतरला. “जाऊ दे, बाळ्या,” ती म्हणाली. “मुलीकडच्यांना सांगेन, मी आहेच झोपाळू.” आणि डबा ठेवून ती एकेका पायरीवर थांबत वर गेली. घड्याळजींना फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला खरा, पण दोन घास खाऊन पुन्हा बंद केला.

शुक्रवारी सकाळी ते कामाला बसले. समोर एक जुनं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. त्याचं तोलचक्र मजेत हेलकावे घेत होतं, म्हणजे ते बारीक चाक जे एकदा इकडे नि एकदा तिकडे फिरतं आणि ज्यावर सगळ्या घड्याळाचा श्वास चालतो. डोळ्याला भिंग होतं. कोपराचा धक्का लागून शेजारचा कॅमेरा कलंडला, तो सावरताना बोट पडलं आणि फ्लॅश उडाला. घड्याळजी जागच्या जागी थिजले. फ्लॅशच्या उजेडात ते चाक त्यांना थबकलेलं दिसलं होतं. पण एका जागी नाही, दोन जागी. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

दुसऱ्या कुणाला याचा अर्थ लागला नसता. घड्याळजींना लागला. चाक दोनदा थबकलेलं दिसलं म्हणजे उजेड दोनदा पडला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. ते तडक फोनपाशी गेले. कॅमेऱ्याच्या बाई आधी खो खो हसल्या. मग म्हणाल्या, अहो, पहिला उजेड तो अंदाज घ्यायला सोडतो, दुसरा खरा. मधला वेळ इतका थोडा की माणसांना कळतसुद्धा नाही. तुमच्या बहिणीच्या पापण्या भलत्याच चपळ दिसतात, पहिल्या उजेडालाच मिटतात. मागचं बटण दाबून हाताने जुळवायच्या सोयीवर घ्या, मग एकदाच उडेल. हेच सांगणार होते, पण तुम्हाला घाई.

फोन ठेवून घड्याळजी खुर्चीत बसले आणि त्यांना जुने फोटो आठवले. लग्नातला फोटोवाला एक, दोन, तीन म्हणायचा. ओळखपत्रवाला ‘तयार?’ असं विचारायचा. मेहुणे तर समुद्रावर सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडायचे. दर वेळी कुणीतरी आधी वर्दी दिली होती, आणि ताई आपली वर्दी मिळताच कामाला लागणारी. ती झोपाळू नव्हती. ती सगळ्यांच्या आधी जागी होती.

शनिवारी त्यांनी कॅमेरा टेबलामागच्या फळीवर ठेवला, अगदी आपल्या कानाशी. फ्लॅश चादरीकडे वळवला, मागचं बटण दाबून हातावर घेतला, उजेड किती हवा ते सकाळभर दारात खुर्ची ठेवून जुळवलं. कॅमेऱ्याची लांबून फोटो काढायच्या बटणाची वायर टेबलाखालून डाव्या हातात घेतली. वर निरोप पाठवला की फोटोचा नाद सोडला, डबा तेवढा आण. मग भिंग लावून मान खाली घातली. आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे कामात खरोखरच बुडाले.

एक वाजला. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दाराशी थांबली. घड्याळजींनी मान वर केली नाही. पण ते बघणं त्यांच्या टाळूवर येऊन बसलं, रोजच्यासारखं, आणि त्यांनी बोट दाबलं. फ्लॅश एकदाच उडाला.

ताई दचकली आणि मग तिने डोळे मिटले. उशीर झाला होता तिला, आयुष्यात पहिल्यांदा.

दोघांनी डोकं जोडून कॅमेऱ्याची मागची खिडकी पाहिली. दारात ताई उभी, हातात डबा, मागे रस्त्याचा उजेड, आणि डोळे उघडे. नुसते उघडे नाहीत, थेट रोखलेले. भुवया जवळ आलेल्या, किती वेळ लावतोयस अशा.

“शी, किती रागीट दिसते मी,” ताई म्हणाली. पण तिने कॅमेरा हातातून सोडला नाही. घड्याळजींनी तिला दोन उजेडांची आणि चपळ पापण्यांची गोष्ट सांगितली. ती सगळी तिने दोनदा ऐकून घेतली, मग तिसऱ्यांदा सांगायला लावली, मुलीला फोन लावून. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती खुशीत पायरीवर बसून होती.

रविवारी ती गेली. जाताना घड्याळजींनी तिच्यासाठी छापून आणलेला उघड्या डोळ्यांचा फोटो तिने परत केला. तिला दुसराच हवा होता, तो हिरवा, पायरीवर बसून हसतानाचा. म्हणाली, माझे डोळे तुझ्याकडे राहू देत, मला काय करायचेत? घड्याळजींनी हट्ट धरला नाही. टॅक्सी वळेपर्यंत ते फुटपाथवर उभे राहिले, मग चार पायऱ्या उतरून खाली आले, फोटो चौकटीत घातला आणि दाराच्या बाजूला, ताई उभी राहायची त्याच उंचीवर टांगला.

सोमवारी एक घड्याळ फार हट्टी निघालं. घड्याळजी सकाळपासून त्याच्याशी झटत होते. भिंग डोळ्याला, मान खाली, आजूबाजूला काय चाललंय याचा पत्ता नाही. मधेच त्यांच्या टाळूला काहीतरी जाणवलं. त्यांनी मिनिटभर दम धरला. मग म्हणाले, “हो, हो, जेवतो,” आणि भिंग काढून ठेवलं. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत एक वाजून दोन मिनिटं झाली होती.