दर वर्षी नापास होणारी जीप

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू येईल असं सांगतो. पण जवळ बसलेल्यांना हसू आधी येईल.

जळगाव जामोदच्या जीप स्टँडवर पंजाबराव एका जुन्या जीपच्या बॉनेटवर बोटांनी ठेका धरून बघत होते. ते सिंधूताईंच्या कीर्तनाचे मृदंगी. गेल्या महिन्यात भाड्याची गाडी वाटेत बसली आणि मंडळी जानेफळला पोचली तेव्हा मांडव सोडत होते. आता शनिवारी पुन्हा बोलावणं होतं. या खेपेला चुकलं, तर जानेफळकर दुसरा कीर्तनकार बघणार होते. म्हणून सिंधूताई स्वतःच जुनी जीप विकत घ्यायला पंजाबरावांबरोबर आल्या होत्या.

"सहा वर्षांचं आरटीओचं पासिंग पाहा ताई," जीपवाला राम म्हणाला. "दरसाली पहिल्याच खेपेत पास!"

"घेऊन टाका ताई," पंजाबराव म्हणाले. "इतके सोवळे कागद मी नाही पाह्यले."

सिंधूताईंनी वाकून टायरवर हात फिरवला. "राम, कागदावर टायर चांगले. इथं तर तार दिसून राह्यली."

"ते पासिंगचे टायर होते ना! स्टँडवर एकच जोड हाय, अकरा गाड्यांले पुरते. दिवे बी तसेच. उद्या सोनाळ्याच्या गाडीची पाळी हाय."

"मंग पास कोण झालं?"

"टायर," राम प्रामाणिकपणे म्हणाला.

पलीकडे धम्मशीलाबाईंची जीप उभी होती. तिचे कागद उघडताच पंजाबराव मागे सरकले. "ही तर दरसाली आधी नापास! माह्या थोरल्या पोरासारखी."

"आमच्या घरधन्यायले मागून आणलेलं लावणं जमत नव्हतं," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "आहे तशीच उभी करत. साहेब खोट काढत, हे दुरुस्त करून पुन्हा नेत. लोक हसत."

प्रत्येक नापासाखाली निळ्या शाईत नेटकं अक्षर होतं. पंजाबराव मोठ्यानं वाचू लागले. "ब्रेकची नळी बदलली. देवानंद. स्टिअरिंगचा सांधा नवा. देवानंद. धूर बंद केला. देवानंद." पाचव्या कागदापर्यंत त्यांचा आवाज पोथी वाचल्यासारखा झाला होता.

सहाव्यावर 'मागचा दिवा' असं होतं. खाली पेन्सिलीनं, वाकडं अक्षर: 'बसवला. धम्मशीला.'

पंजाबरावांनी कागदावरून मान वर केली.

"मार्चमध्ये गेले," बाईंनी पदर सारखा केला. "दिवा मीच बसवला. मंग पास झाली."

सिंधूताईंनी ते सहाही कागद नीट जुळवून छातीशी धरले.

"हीच नेतो बाई. हे कागद गाडीतच राहू द्या."

शनिवारी मंडळी जानेफळला पोचली, तेव्हा मांडवात अजून सतरंज्या अंथरत होते. इतक्या लवकर आलेली कीर्तनकार बघून यजमानांचीच धांदल उडाली. चहा ठेवायला कुणी नव्हतं.

तर मंडळी, कधी कीर्तनाला वेळेवर पोचलात, की हात जोडताना देवानंदाची आठवण काढा. त्यानं कधी कीर्तन ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक.