दोन ढेकळं

मुलगी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एका सुट्टीत तिने वडिलांसमोर पाण्याचे दोन ग्लास ठेवले. एकात शेतातलं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात कुंपणाखालचं. पहिलं मिनिटभरात विरघळलं, दुसरं तसंच राहिलं.

"कुंपणाखाली पालापाचोळा कुजतो, बाबा, म्हणून ती माती पाण्यातही धरून राहते. शेतातला तुम्ही जाळता."

"आता तू मला शेती शिकव," म्हणून ते उठून गेले.

पण त्या वर्षी त्यांनी काडीकचरा शेतातच कुजू दिला. पीक जरा कमीच आलं. दोन महिने ते तिच्याशी धड बोलले नाहीत, तरी पुन्हा जाळलं मात्र नाही. तिसऱ्या वर्षी मोठा पाऊस झाला, तेव्हा त्यांचा फोन आला.

"शेजारच्या शेतात तळं साचलंय. आपल्याकडे पाणी मुरलं. खणलं तर गांडुळं निघाली."

"मग?"

"मग काय, रविवारी ये. दाखवतो."